शिकारी सुखी की शेतकरी? हाडांची आणि दातांची साक्ष

प्राचीन इतिहासाचा पहिला पाठ शिकवताना फळ्यावर बहुधा एक जिना काढला जातो. सर्वांत खालच्या पायरीवर दगडी हत्यार घेतलेला, कंदमुळे खाणारा भटका माणूस. त्याच्या वर गुरे पाळणारा, त्याच्या वर शेती करणारा आणि सर्वांत वर शहरात राहणारा. जिना वर जातो, म्हणजे माणूस पायरीपायरीने सुखी होत गेला असा अर्थ मुले आपोआप घेतात. शेतीचा शोध लागला, वणवण थांबली, पोटभर अन्न मिळू लागले आणि उरलेल्या वेळात माणसाने कला व विज्ञान निर्माण केले, असे उत्तर लिहिले की गुणही मिळतात.

ठाणे जिल्ह्यातल्या शाळेत हा जिना जरा अडचणीचा ठरतो. मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण या तालुक्यांतल्या अनेक वर्गांत कातकरी, ठाकर, महादेव कोळी घरांतली मुले बसलेली असतात. त्यांच्या घरी पावसाळ्यात रानातली भाजी येते, ओढ्यातले खेकडे येतात. फळ्यावरचा जिना पाहून ही मुले स्वतःला कोणत्या पायरीवर समजत असतील? आणि शेजारच्या बाकावरची मुले त्यांना कोणत्या पायरीवर बसवत असतील?

म्हणून या लेखात आपण त्या जिन्याचीच तपासणी करणार आहोत. प्रश्न साधा आहे. शेती सुरू झाल्यावर पहिल्या शेतकऱ्यांचे रोजचे जगणे आधीच्या लोकांपेक्षा बरे झाले का? काम किती करावे लागे, खायला काय मिळे, आजार कोणते होत, मुले किती जगत, अशा ठोस गोष्टी पाहिल्या की या प्रश्नाचे उत्तर शोधता येते. त्यासाठी पुरावाही आहे आणि त्यातला बराच महाराष्ट्रातलाच आहे.

शाळेच्या दिवसातली शेवटची बारा मिनिटे

जे लोक शिकार करून, मासे पकडून आणि रानातली फळे, कंद, बिया, मध गोळा करून जगतात, त्यांना आपण शिकारी-संकलक म्हणू. 'संकलक' हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसते 'शिकारी' म्हटले की भाला घेतलेला पुरुष डोळ्यांपुढे येतो आणि टोपली घेतलेली बाई दिसेनाशी होते. प्रत्यक्षात उष्ण प्रदेशांतल्या अशा बहुतेक समाजांत अन्नाचा मोठा वाटा तिच्या टोपलीतून येतो.

आपल्या जातीचा माणूस पृथ्वीवर सुमारे तीन लाख वर्षे आहे. शाळेचा दिवस पाच तासांचा, म्हणजे तीनशे मिनिटांचा धरला, तर एक मिनिट बरोबर एक हजार वर्षे असा सोपा हिशेब होतो. जगातली सर्वांत जुनी शेती पश्चिम आशियात सुमारे अकरा-बारा हजार वर्षांपूर्वी सुरू झाली. म्हणजे पहिली घंटा झाल्यापासून जवळजवळ दिवसभर माणूस शिकारी-संकलकच होता. शेती आली ती शाळा सुटायला बारा मिनिटे उरली असताना. महाराष्ट्रात तिच्या स्पष्ट खुणा दिसतात त्या शेवटच्या चार मिनिटांत.

त्या लांबलचक दिवसाच्या खुणा आपल्या आसपास आहेत. मुंबई-ठाण्याच्या साष्टी बेटावर, कांदिवलीजवळ आणि मढ-मार्व्याच्या किनाऱ्याला, टॉड या अभ्यासकाला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अश्मयुगीन हत्यारे सापडली. त्यांत बोटाच्या पेराएवढ्या गारगोटीच्या पात्याही होत्या. अशा पात्या लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत बसवून बाण, भाले, सुऱ्या तयार करत. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे येथे साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेले कवचाचे तुकडे मिळाले. त्यांचा काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा आहे. मणी करायला आणि नक्षी कोरायला त्या माणसांना सवड होती, हे यावरून उघड आहे. कलेसाठी लागणारा मोकळा वेळ शेतीनेच दिला, हे विधान इथेच लंगडे पडते.

गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात लांघणज येथे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. इरावती कर्वे यांनी १९४० च्या दशकात खोदकाम केले. तिथे वाळूच्या टेकाडात अशा लोकांचे सांगाडेच मिळाले. त्यांच्यासोबत हरणांची, रानडुकरांची हाडे होती आणि गेंड्याच्या खांद्याचे एक हाडही होते. त्यावर घाव होते. ऐरणीसारखा त्याचा उपयोग केला असावा.

तासांचा हिशेब

सांगाडे मिळाले तरी ती माणसे दिवसाकाठी किती तास राबत होती हे दगडांवरून कळत नाही. त्यासाठी अभ्यासकांनी विसाव्या शतकात शिकार-संकलनावर जगणाऱ्या समाजांकडे पाहिले. १९६४ साली रिचर्ड ली या मानवशास्त्रज्ञाने बोत्स्वानातल्या कालाहारी वाळवंटात राहणाऱ्या कुंग सान लोकांची रोजनिशीच ठेवली. कोण कधी बाहेर पडले, काय घेऊन आले, त्याचे वजन किती, हे सारे नोंदले. अन्न मिळवण्यासाठी मोठी माणसे आठवड्याला सरासरी बारा ते एकोणीस तास घालवत, असा हिशेब निघाला. आहाराच्या वजनाचा साठ टक्क्यांहून अधिक भाग वनस्पतींचा होता आणि त्यात मोंगोंगो नावाच्या कवचीच्या फळातला गर प्रमुख होता. विशेष म्हणजे ते दुष्काळाचे वर्ष होते. शेजारच्या शेतकरी-पशुपालक समाजातल्या बायका त्या वर्षी सान बायकांबरोबर रानात अन्न गोळा करायला जात होत्या.

या आकड्यांनी खळबळ उडाली. मार्शल साहलिन्स यांनी शिकारी-संकलकांना आद्य संपन्न समाज असे म्हटले. ज्यांच्या गरजा थोड्या, त्यांना थोड्यातही उणीव भासत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने इथे एक प्रश्न विचारायला हवा. 'काम' म्हणून नेमके काय मोजले? लीच्या पहिल्या हिशेबात रानात जाऊन अन्न आणण्याचाच वेळ होता. आणलेले फोडणे, भाजणे, कुटणे, पाणी-सरपण आणणे, हत्यारे दुरुस्त करणे हे त्यात नव्हते. पुढे खुद्द ली यांनी तेही धरले, तेव्हा आकडा आठवड्याला चाळीस तासांपर्यंत गेला.

हा मुद्दा सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना लगेच पटेल. कडूकंद रानात फुकट मिळतो, पण तो खणून आणून लगेच खाता येत नाही. त्याच्या पातळ चकत्या कराव्या लागतात. राख घालून त्या उकडाव्या लागतात आणि टोपलीत भरून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवाव्या लागतात. तेव्हा कुठे कडूपणा आणि बाधणारा अंश निघून जातो. शेवळाच्या भाजीत काकडाची फळे घातली नाहीत तर घसा खाजतो. रानातले अन्न फुकट असले तरी बिनकष्टाचे नसते. आणि त्याच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान असते.

हे सगळे कष्ट धरूनही शेतीशी तुलना केली तर काय दिसते? भातशेतीच्या कामांची यादी ठाणे जिल्ह्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याच्या मुलाला पाठ असते. राबासाठी कवळ तोडणे, राब भाजणे, पेरणी, नांगरणी, चिखलणी, आवणी, बेणणी, कापणी, झोडणी आणि मग भरडणे. घास तोंडात पडायच्या आधी कित्येक महिन्यांचे काम झालेले असते आणि ते मध्येच सोडता येत नाही. फिलिपीन्समधल्या आग्टा लोकांत काही वस्त्या अजून मुख्यतः शिकार-संकलनावर जगतात, तर काही शेतीकडे वळल्या आहेत. त्यांच्या वेळेच्या नोंदींचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. संकलनावर जगणारे आठवड्याला सुमारे वीस तास काम करत होते आणि शेतीकडे वळलेले सुमारे तीस तास. मोकळा वेळ जास्त कमी झाला तो स्त्रियांचा. समाज एकच, प्रदेश एकच, त्यामुळे या तुलनेला वजन आहे.

घाट चढून इनामगावला

आता खुद्द पहिल्या शेतकऱ्यांकडे जाऊ. त्यासाठी कोकण सोडून घाट चढावा लागतो. महाराष्ट्रातल्या आद्य शेतकऱ्यांची जी जोर्वे संस्कृती म्हणून ओळखली जाते, तिच्या वसाहती पठारावरच्या नद्यांकाठी सापडतात. कोकणपट्टीत त्या नाहीत. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढून पुढे गेले की घोड नदीचे खोरे लागते. याच नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ अशी अनेक वर्षे उत्खनन केले. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत.

इनामगावात इ.स.पू. १६०० ते इ.स.पू. ७०० पर्यंत, म्हणजे नऊशे वर्षे, शेतकरी राहत होते. पाच हेक्टरांच्या या गावात शंभरावर घरांचे अवशेष मिळाले. कुडाच्या-मातीच्या भिंतींची चौकोनी घरे, मध्ये बोळ, घरात चुली, धान्याच्या कणगी ठेवण्याचे मातीचे गोल ओटे आणि जमिनीत पेवे. सातू हे मुख्य धान्य होते. जोडीला गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ, वाल. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या होत्या. पाणी वळवण्यासाठी पाट आणि दगडांचा बांधही घातलेला होता. एवढे असूनही हरणांची हाडे आणि माशांचे काटे सापडतातच. शेती आली म्हणून शिकार-संकलन दुसऱ्या दिवशी सुटले, असे कुठेच झालेले नाही.

पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार मिळाले. ते गावाच्या प्रमुखाचे असावे असे उत्खनकांचे मत आहे. कोठार ही शेतीबरोबर आलेली नवी गोष्ट आहे. हरणाचे मांस चार दिवसांत संपवावे लागते, म्हणून ते वाटूनच खाल्ले जाते. धान्य वर्षभर टिकते. त्यामुळे ते साठवता येते, राखता येते, दुसऱ्याकडून घेता येते. लहानमोठेपणाचे बी या साठ्यात आहे.

इनामगावच्या लोकांनी आपली माणसे घरांच्या जमिनीखाली आणि अंगणात पुरली. अशी दोनशेहून अधिक दफने मिळाली आहेत. त्यांतली बहुसंख्य लहान मुलांची आहेत. दोन मडक्यांची तोंडे एकमेकांना जोडून आत तान्ह्या मुलाला ठेवत आणि घराच्या जमिनीखालच्या खड्ड्यात ती मडकी आडवी ठेवत. गावाच्या समृद्धीच्या काळातही घरोघर अशी मडकी पुरली जात होती.

दात खोटे बोलत नाहीत

सांगाड्यावरून आरोग्य कसे ओळखतात? मांड्यांच्या लांब हाडांवरून उंचीचा अंदाज येतो. चेहऱ्याच्या आणि कवटीच्या हाडांवर रक्तक्षयाच्या खुणा राहू शकतात. सांध्यांची झीज कामाची जात सांगते. पण सर्वांत बोलके असतात ते दात. दातावरच्या कठीण, चकचकीत थराला एनॅमल म्हणतात. बालपणी दात घडत असताना मोठा आजार किंवा उपासमार झाली, तर एनॅमल तयार होण्याचे काम थांबते आणि दातावर आडवी खाच राहते. ही खाच नंतर भरून येत नाही. दात घडण्याचे वेळापत्रक ठरलेले असल्याने खाच कोठे आहे यावरून कोणत्या वयात संकट आले हेही सांगता येते.

इनामगावच्या दातांचा आणि हाडांचा अभ्यास अमेरिकेतले जॉन लुकाक्स आणि डेक्कन कॉलेजातले सुभाष वाळिंबे यांनी केला. तुलनेसाठी उत्तर प्रदेशातल्या प्रतापगढ जिल्ह्यातल्या सराय नाहर राय, महदहा, दमदमा या मध्याश्मयुगीन ठिकाणांचे सांगाडे उपलब्ध आहेत. अलाहाबाद विद्यापीठाने ही ठिकाणे खोदली. गंगेच्या खोऱ्यातले हे शिकारी-संकलक उंचेपुरे, दणकट हाडांचे होते. भरड अन्न चावून त्यांचे दात झिजलेले आहेत, पण किडलेले दात अगदी कमी. शेती करणाऱ्यांत मात्र कीड वाढलेली दिसते. कारण सोपे आहे. शिजवलेले मऊ धान्य दातांना चिकटते आणि त्यातल्या पिष्टावर तोंडातले जिवाणू पोसतात.

जगात इतरत्रही असेच चित्र आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या डिक्सन माउंड्स येथे लोक मक्याच्या शेतीकडे वळले, त्याच्या आधीचे आणि नंतरचे सांगाडे एकाच ठिकाणी मिळतात. शेतीनंतर दातांवरच्या खाचा आणि रक्तक्षयाच्या खुणा स्पष्टपणे वाढल्या. सिरियातल्या अबू हुरेरा या आद्य शेतकऱ्यांच्या गावात थेया मॉलेसन यांना पायाच्या अंगठ्यांच्या, गुडघ्यांच्या आणि पाठीच्या खालच्या मणक्यांच्या हाडांत विशिष्ट झीज आढळली. गुडघ्यांवर बसून, पायाची बोटे मागे दुमडून, तासन्‌तास पाट्यावर धान्य वाटल्याची ती खूण होती. ती मुख्यतः स्त्रियांच्या सांगाड्यांत दिसते. फिरते जाते यायला अजून हजारो वर्षे होती. इनामगावातही धान्य असेच दगडी पाट्यावर रगडले जाई.

असे का व्हावे? तीन कारणे सांगता येतात. एक, आहाराचा पसारा आकसला. रानात फिरणारा माणूस वर्षभरात कितीतरी प्रकारचे अन्न खातो. एक फसले तर दुसरे असते. शेतकऱ्याचे पोट दोन-चार पिकांवर आले. पाऊस चुकला की सगळेच गेले. दोन, माणसे एका जागी दाटीने राहू लागली. घाण तिथेच, पिण्याचे पाणीही तिथेच. मुक्काम हलवला की घाण मागे राहते ही सोय संपली. तीन, गुरे घरात आली आणि धान्यामागे उंदीर आले. गोवराचा विषाणू हा गुरांच्या बुळकांडी रोगाच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक आहे. अशा रोगांना पसरत राहायला दाट वस्ती लागते आणि शेतीने कालांतराने ती पुरवली.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. दातावर खाच उमटायची तर मूल त्या संकटातून वाचावे लागते. जे मूल आजारात तत्काळ दगावले, त्याच्या दातावर खूण राहत नाही. म्हणून खाचा जास्त म्हणजे आरोग्य वाईटच, असा एका पुराव्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. उंची, कीड, झीज, मुलांच्या दफनांची संख्या असे अनेक पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवावा.

मग शेती सुटली का नाही?

कष्ट जास्त, आहार कमी प्रतीचा, आजार नवे. मग लोकांनी शेती सोडून का दिली नाही? या प्रश्नाचे उत्तर अंकगणितात आहे.

भटक्या बाईला एका वेळी एकच मूल कडेवर घेऊन चालता येते. शिवाय रानात तान्ह्या मुलाला भरवण्याजोगे मऊ अन्न कमी, म्हणून ते तीन-चार वर्षे अंगावर पिते आणि तोवर पुढचे मूल सहसा राहत नाही. कुंग सान स्त्रियांच्या दोन बाळंतपणांत सरासरी सुमारे चार वर्षांचे अंतर आढळले. घर एका जागी असले आणि मुलाला धान्याची पेज देता आली की हे अंतर कमी होते.

आता उदाहरणासाठी काही आकडे घेऊ. भटक्या बाईला आयुष्यात पाच मुले झाली आणि निम्मी दगावली, तर सरासरी अडीच उरतात. शेतकरी बाईला दहा झाली आणि त्यांतली सहा दगावली, तरी चार उरतात. म्हणजे बालमृत्यूचे प्रमाण वाढले आहे, आईचे हाल वाढले आहेत, आणि तरीही दर पिढीला लोकसंख्या दुप्पट होते आहे. आई-बापांच्या जागी पहिल्या ठिकाणी अडीच माणसे आली, दुसऱ्या ठिकाणी चार. दहा पिढ्यांनी काय होईल ते मुलांना फळ्यावर करून पाहू द्यावे.

शेतीने प्रत्येक माणसाला अधिक अन्न दिले नाही. प्रत्येक चौरस किलोमीटरमागे अधिक अन्न दिले. या दोन वाक्यांतला फरक हाच या लेखाचा गाभा आहे. एकदा तोंडे वाढली की रानावर सगळ्यांचे भागत नाही आणि परतीची वाट बंद होते. शिवाय हे कुणी एका दिवशी ठरवून केलेले नव्हते. रानटी गवताचे बी गोळा करता करता थोडे पेरून पाहणे, मग थोडे अधिक, असे शेकडो वर्षे चालले. एका पिढीला जाणवेल एवढा मोठा बदल कोणत्याच पिढीत झाला नाही.

आपल्याच परिसराचा हिशेब करून पाहा. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख होती. शिकार-संकलनावर जगायला एका माणसाला एक चौरस किलोमीटर रान पुरते असे धरू. बऱ्याच प्रदेशांत हा अंदाज उदारच ठरेल. तरी या एका शहराला साडेबारा लाख चौरस किलोमीटर रान लागेल. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे तीन लाख आठ हजार चौरस किलोमीटर आहे. म्हणजे एकट्या कल्याण-डोंबिवलीसाठी चार महाराष्ट्र हवेत आणि त्यांत दुसरे कुणी राहता कामा नये. आपण सगळे शेतीची लेकरे आहोत ते असे.

इनामगावची शेवटची तीनशे वर्षे

परतीची वाट खरोखर बंद होते का, हेही इनामगावने दाखवले आहे. इ.स.पू. १००० च्या सुमारास तिथे मोठा बदल झाला. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. मडकी ओबडधोबड झाली. ढवळीकरांच्या मते हवामान कोरडे होत गेले, शेती खालावली आणि लोक पुन्हा शेळ्या-मेंढ्या, शिकार आणि रानातल्या अन्नावर अवलंबून राहून अर्धभटके झाले. इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव ओस पडले.

अमेरिकी संशोधिका ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इथल्या तान्ह्या आणि लहान मुलांच्या हाडांचा नव्याने अभ्यास केला. तो २०११ साली पुस्तकरूपाने आला. शेवटच्या काळातल्या मुलांची वाढ खुंटलेली दिसते, असे त्यांना आढळले. एकट्या कोरड्या हवेवर दोष ठेवणेही त्यांना मान्य नाही. माणसांनी जमीन कशी वापरली याचाही त्यात वाटा आहे असे त्या मांडतात. कारणांबद्दल मतभेद असले, तरी आपल्या प्रश्नापुरती एक गोष्ट ध्यानात येते. शेकडो वर्षे शेती आणि चराई झालेल्या मुलखात वाढलेल्या वस्तीने पुन्हा रानाकडे वळणे आणि जुन्या शिकारी-संकलकांचे मोकळ्या रानातले जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेवढे रान आणि तेवढी थोडी माणसे असली तरच ते जगणे साधते.

जिन्याचे काय करायचे?

काही जण आता जिना उलटा करतील. शिकारी-संकलक सुखी आणि शेती हीच माणसाची घोडचूक, असे म्हणतील. जेअर्ड डायमंड यांनी १९८७ साली जवळजवळ असेच लिहिले होते. आम्हांला हेही पटत नाही. शिकारी-संकलकांतही बालमृत्यू फार असत. साधी जखम चिघळून माणूस जाई. सराय नाहर रायच्या काही सांगाड्यांत दगडी बाणाग्रे रुतलेली सापडली, म्हणजे तिथेही माणूस माणसाला मारत होता. आणि आज ज्या विज्ञानामुळे आपण ही तुलना करू शकतो, ते शेतीच्या साठ्यावर उभ्या राहिलेल्या समाजांतच वाढले. शेतीचा लाभ झाला, पण तो फार उशिरा आणि सर्वांना सारखा झाला नाही. पहिल्या काही हजार वर्षांची किंमत मात्र पाट्यावर वाकलेल्या बायकांनी आणि मडक्यात पुरलेल्या मुलांनी चुकवली.

कातकऱ्यांविषयी बोलताना तर दुप्पट काळजी घ्यावी. आजचे कातकरी हे अश्मयुगाचे उरलेले नमुने नव्हेत. अकराव्या मिनिटाला ते जिथे होते तिथेच आपलेही पूर्वज होते, आणि तेव्हापासून सर्वांचाच इतिहास सारख्याच लांबीचा आहे. खैराच्या लाकडापासून काथ करण्याच्या कसबावरून या जमातीला नाव मिळाले. काथ बाजारात विकला जाई, म्हणजे ते व्यापाराशीही जोडलेले होते. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी रान बंद झाले आणि कोळसा पाडणे, वीटभट्ट्यांवर मजुरी करणे त्यांच्या वाट्याला आले. दिवाळीनंतर वर्गातले एखादे कातकरी मूल दिसेनासे होते, ते बहुधा आईबापांबरोबर भट्टीवर गेलेले असते. त्या कुटुंबाचे दारिद्र्य हे शिकार-संकलनाचे दारिद्र्य नाही. रान हातचे गेले आणि जमीन हाती आली नाही, याचे ते दारिद्र्य आहे. जिन्याच्या चित्रात ही गोष्ट बसतच नाही.

वर्गात करण्याजोगे

पावसाळ्याच्या सुरुवातीला कल्याण, डोंबिवली, ठाणे स्टेशनांबाहेर आदिवासी बायका शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली घेऊन बसतात. मुलांना त्या भाज्या आणायला सांगावे. कोणती भाजी कोणत्या आठवड्यात येते, तिचा कोणता भाग खातात, शिजवताना काय काळजी घ्यावी लागते, याचा तक्ता करावा. विकणाऱ्या बाईंना पहाटे किती वाजता निघावे लागले हेही मुलांनी विचारावे. मोजायच्या तासांत ते धरायचे की नाही, यावर वर्गात चांगला वाद होईल.

दुसरा तक्ता भातशेतीच्या कामांचा. काम, महिना, दिवस आणि ते काम घरात कोण करते असे चार रकाने आखावेत. दोन्ही तक्ते शेजारी लावले की तुलना मुलेच करतील.

शाळेच्या दिवसाचे घड्याळही काढून पाहावे. तीनशे मिनिटांपैकी शेवटची बारा वेगळ्या रंगात रंगवली की भिंतीवरचे ते चित्र जिन्यापेक्षा अधिक खरे बोलते.

पहिला तक्ता भरताना एक गोष्ट आपोआप घडेल. ज्या मुलाला एरवी उत्तरे येत नाहीत असे आपण धरून चालतो, ते मूल त्या दिवशी सगळ्या वर्गाला सांगेल की कडूकंद किती वेळ पाण्यात ठेवायचा असतो आणि का. ते सांगत असताना आपण खडू खाली ठेवावा आणि ऐकावे.